निकाल वाचण्यापूर्वीं पट वाचा

(शताब्दि महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशीं सायंकाळच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या शताब्दीनिमित्त चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, हा मी माझा बहुमान समजतों. चर्चची उभारणी, आजवरच्या विगारांची सेवा, गायनमंडळ व महिलामंडळ यांचें कार्य, या विषयांवर माझ्या आधींच्या वक्त्यांनीं सविस्तर सांगितलेंच आहे. मी पडलों शाळामास्तर. खडू हातांत घेऊन ज्याची हयात गेली त्यानें शाळेविषयींच बोलावें हें बरें. वसईच्या या किनाऱ्यावर, आपल्या चर्चच्या कुंपणापलीकडे, जी सरकारी मराठी शाळा आहे, तिच्या वरच्या वर्गांविषयीं, म्हणजे पांचवीपासून आठवीपर्यंतच्या मुलांविषयीं, मी आज आपणांशीं बोलणार आहें.

हा विषय मीं कां निवडला तें प्रथम सांगतों. महोत्सवाच्या तयारीची सभा चालली असतां शाळेची गोष्ट निघाली. तेव्हां एका सद्गृहस्थांनीं, मनांत कांहीं वाईट नसतांना, सहज उद्गार काढला, "त्या शाळेचा निकाल पाहिलात ना? आणि आतां तेथें उरलें आहे तरी कोण?" कोणींच प्रत्युत्तर दिलें नाहीं. मींही दिलें नाहीं. घरीं गेल्यावर मात्र तें बोलणें माझ्या मनांतून जाईना. त्यांत दोन प्रश्न आहेत. निकाल कसा आहे, हा पहिला. आणि शाळेंत कोण आहे, हा दुसरा. पहिला आपण मोठ्यानें विचारतों आणि दुसरा हंसून टाकून देतों. माझें म्हणणें असें कीं, दुसऱ्याचें उत्तर मिळाल्यावांचून पहिल्याचें उत्तर कळतच नाहीं.

प्रत्येक शाळेच्या कपाटांत जनरल रजिस्टर नांवाचें एक जाडजूड पुस्तक असतें. मुलाचें नांव, धर्म व जात, जन्मस्थान, जन्मतारीख, पूर्वींची शाळा, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि सोडण्याचें कारण, असे रकाने त्यांत असतात. गांवाचा खरा इतिहास पाहावयाचा असेल तर तो या पुस्तकांत पाहावा. जुन्या पानांवर आपल्याच आजोबा-पणजोबांचीं नांवें आहेत: परेरा, लोपीस, डिमेलो, घोन्साल्विस. घरचा धंदा म्हणावा तर बागाईत, भातशेती, मासेमारी. आणि शाळा सोडण्याच्या कारणाखालीं तेच तेच शब्द: शेतीकाम, घरकाम, सतत गैरहजर. त्या काळीं मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, उत्तीर्ण झालेल्या माणसाला गांवांत केवढा मान असे! त्याला मास्तरकी मिळे, आणि साऱ्या आळीचीं पत्रें वाचून दाखविण्याचें कामही त्याच्याकडेच येई. परंतु फायनलपर्यंत पोंचणारे थोडे, वाटेंत गळणारे फार. आपले बहुतेकांचे पूर्वज त्या गळणाऱ्यांतलेच होते, हें आपण विसरूं नये.

आतां त्याच रजिस्टराचीं अलीकडचीं पानें उघडा. जन्मस्थानाच्या रकान्यांत जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू हीं नांवें दिसतील. त्यांहून दूरचीं, मराठवाड्यांतलीं, उत्तर प्रदेशांतलीं व बिहारांतलीं गांवेंही दिसतील. बाप वीटभट्टीवर, बांधकामावर किंवा रिक्षावर. आई आपल्यापैकींच कोणाच्या तरी घरीं धुणींभांडीं करणारी. आपलीं नांवें मात्र विरळ झालीं आहेत. हें एका रात्रींत झालें नाहीं. लोकलगाडीनें मुंबई जवळ आणली, वाड्या गेल्या, चाळी व इमारती उठल्या. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, आणि २०११ च्या जनगणनेंत त्या शहराची लोकसंख्या १२ लक्ष २२ हजारांवर भरली. इकडे आपण आपल्या मुलांना इंग्रजी शाळेंत घातलें. त्याबद्दल मी कोणाला बोल लावीत नाहीं. माझीं स्वतःचीं नातवंडें इंग्रजी शाळेंतच जातात. मी इतकेंच म्हणतों कीं, ज्यांना जातां येत होतें ते गेले, आणि ज्यांना दुसरी वाट नव्हती ते राहिले. मग राहिलेल्यांचा निकाल गेलेल्यांच्या निकालाशीं ताडून पाहणें हा न्याय कोणता?

या मुलांचें वर्ष कसें जातें तें पहा. आमच्या शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होतें आणि एप्रिलांत संपतें. वीटभट्टीचें वर्ष निराळें. दिवाळी झाली कीं डोंगराकडील वारली व कातकरी कुटुंबें उचल घेऊन भट्टीवर येतात, आणि पहिल्या पावसाबरोबर परततात. म्हणजे मूल अर्धें वर्ष एका शाळेंत असतें. उरलेल्या अर्ध्या वर्षांत दुसऱ्या शाळेंत असावें, पण पुष्कळदां तें कोठेंच नसतें. अशा मुलांकरितां शासनानें हंगामी वसतिगृहें काढलीं, आणि जागा बदलणाऱ्या मुलाला नव्या शाळेंत सहज बसतां यावें म्हणून शिक्षण हमी पत्रक दिलें. योजना चांगल्या आहेत. पण धाकट्या भावंडाला सांभाळणारें दुसरें कोणी नसलें कीं सातवींतली मुलगी भट्टीवरच राहते. तेथें योजनेचा कागद काय करणार?

शिवाय भाषेची गोष्ट आहे. पाठ्यपुस्तकाची मराठी ही या मुलांच्या घरची भाषा नव्हे. कोणाच्या घरीं वारली, कोणाच्या घरीं भोजपुरी. पण बंधुभगिनींनो, ती आपल्या तरी घरची कोठें होती? आपल्या आज्या चुलीपाशीं कादोडी बोलत, वाडवळी बोलत. आणि शाळेंत मुलाच्या तोंडून घरचा शब्द निघाला कीं सारा वर्ग हंसे. माझ्या वडिलांना लोक तसे हंसले होते, आणि ते तें मरेपर्यंत विसरले नाहींत. मूल वर्गांत मुकें बसलें म्हणजे तें मंद आहे असें नव्हे. आपली बोली दाराबाहेर ठेवून आंत यावें लागलेलें मूल कांहीं काळ मुकेंच असतें.

तर मग शाळेंत सर्व ठीक आहे काय? नाहीं. शाळेचे दोष झांकण्यासाठीं मी येथें उभा नाहीं. 'असर' या नांवाची एक पाहणी २००५ सालापासून आपल्या देशांतील खेड्यांत घरोघर जाऊन केली जात आली आहे. तींत मुलाला दुसरीच्या पुस्तकाच्या तोडीचा एक उतारा वाचावयास देतात आणि एक भागाकार घालतात. २०२४ च्या पाहणींत आठवीच्या शंभर मुलांपैकीं सुमारे ७१ मुलांना तो उतारा वाचतां आला. भागाकार मात्र सुमारे ४६ मुलांनाच जमला. म्हणजे आठ वर्षें शाळेंत घालवूनही निम्म्याहून अधिक मुलांना तीन आंकडी संख्येला एका आंकड्यानें भागतां येत नाहीं. यांत सरकारी शाळांबरोबर खासगी शाळांतलीं मुलेंही आलीं. हे आंकडे वाचून मास्तर म्हणून माझी मान खालीं जाते.

परंतु उणीव किती आहे हें एक, आणि ती कोठून आली हें दुसरें. १९६६ सालीं अमेरिकेंत जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे ४ हजार सरकारी शाळांतील ६ लक्षांहून अधिक मुलांची तींत परीक्षा घेतली होती. इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय यांतील फरकामुळेंच मुलांच्या यशांत फरक पडत असेल अशी पुष्कळांची कल्पना होती. निष्पन्न असें झालें कीं, त्या फरकाचा अधिक मोठा भाग घरची परिस्थिति, आईबापांचें शिक्षण आणि वर्गसोबत्यांची पार्श्वभूमि यांच्याशीं निगडित आहे. या अहवालावर पुढें पुष्कळ वाद झाले, आणि चांगला शिक्षक पुष्कळ कांहीं करूं शकतो हेंही नंतरच्या संशोधकांनीं दाखविलें. तथापि एक गोष्ट तेव्हांपासून पक्की झाली आहे. शाळेच्या फळ्यावर लिहिलेल्या टक्केवारींत शाळेनें शिकविलेलें असतें, तसेंच मुलांनीं घरून आणलेलेंही असतें. आणि दोन्ही एकाच आंकड्यांत मिसळून गेलेलीं असतात.

समजा, एक मुलगा पांचवींत आला तोच घडाघडा वाचीत आला. घरीं पुस्तकें, दारीं शिकवणीचे मास्तर. आठवींतून बाहेर पडला तेव्हांही तो उत्तमच होता. दुसरी एक मुलगी पांचवींत आली तेव्हां तिला जोडाक्षर फुटत नव्हतें. आठवीच्या अखेरीस ती वर्तमानपत्रांतली बातमी वाचून आईला समजावून सांगूं लागली. परीक्षेंत मुलगाच पुढें राहील. पण शाळेनें कोणाला अधिक दिलें? प्रभूनें सांगितलेला तालंतांचा दाखला आठवा. पांच तालंत घेणाऱ्या चाकरानें आणखी पांच मिळविले, दोन घेणाऱ्यानें आणखी दोन. बेरीज केली तर दहा कोठें आणि चार कोठें! परंतु धन्यानें दोघांचीही एकाच शब्दांत वाहवा केली. हातीं काय दिलें होतें आणि त्याचें काय झालें, हा त्याचा हिशेब होता. आमच्या निकालपत्रकांत असा रकाना नसतो.

आतां जें सांगणार आहें तें सांगावें कीं नाहीं याचा मीं पुष्कळ विचार केला. चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी दुसऱ्या एका गांवीं सातवीचा वर्गशिक्षक होतों. वर्गांत भट्टीवरचा एक मुलगा होता. तोंडी हिशेबांत तो कोणालाही हार जाणारा नव्हता. पण लिहिण्यांत कच्चा, आणि दिवाळीनंतर दिसेनासा होई. वार्षिक परीक्षा जवळ आली तेव्हां मीं मनांत आडाखा बांधला. तो बसला तर बहुधा नापास होणार, आणि वर्गाची टक्केवारी खालीं जाणार. कित्येक दिवस तो आला नव्हताच. मीं त्याच्या नांवापुढें 'सतत गैरहजर' असा शेरा लिहिला आणि नांव पटावरून कमी केलें. शेरा खोटा नव्हता. कोणीं मला विचारलें नाहीं. त्या वर्षीं माझ्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला. माझी प्रशंसा झाली, आणि मीं ती हंसतमुखानें घेतली. ती भट्टी शाळेपासून सायकलीनें पाव तासावर होती. मी एकदांही गेलों नाहीं.

पावसाच्या तोंडावर तो मुलगा वही घेऊन माझ्या दारीं आला आणि म्हणाला, "गुरुजी, परीक्षा कधीं आहे?" परीक्षा होऊन गेली होती. मीं काय उत्तर दिलें तें मला आठवत नाहीं. तो कसा उभा होता तें आठवतें.

शंभर मेंढरांच्या दाखल्यांत नव्याण्णव मेंढरें सुखरूप होतीं. आजच्या भाषेंत तो नव्याण्णव टक्के निकाल झाला. मेंढपाळ तेवढ्यावर समाधान मानून बसला नाहीं. मीं मात्र हरवलेलें मेंढरूं मोजदादींतूनच काढून टाकलें, आणि माझा कळप पूर्ण आहे असें जगाला सांगितलें. पापनिवेदनाच्या वेळीं हें मीं देवापुढें पूर्वींच ठेवलें आहे. आज आपणांपुढें ठेवतों याचें कारण असें कीं, जें मीं एकट्यानें लेखणीच्या एका फटकाऱ्यानें केलें, तेंच आपण सारे मिळून, कांहीं न लिहितां, करीत आहों कीं काय अशी मला शंका येते. "तेथें उरलें आहे तरी कोण?" हा प्रश्नही एक प्रकारें नांवें कमी करणेंच आहे.

कायद्याची स्थिति थोडक्यांत सांगतों. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंत शेजारच्या शाळेंत मोफत शिकण्याचा हक्क त्यानें दिला, आणि तें शिक्षण पुरें होईपर्यंत मुलाला शाळेंतून काढून टाकण्यास मनाई केली. त्याच कायद्यानें खासगी शाळांना प्रवेशाच्या वर्गांतील शेंकडा २५ जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठीं ठेवावयास सांगितलें. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०१४ च्या निकालामुळें अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. २०२५ सालीं त्याच न्यायालयाच्या एका पीठानें त्या निकालाविषयीं शंका व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असें सुचविलें. तो वाद विद्वान वकिलांनीं चालवावा. आपला हक्क आपण जपावा हें योग्यच आहे. पण जें कायद्यानें आपणांवर घातलें नाहीं तें शुभवर्तमानानेंही घातलें नाहीं, असें कोणीं समजूं नये.

दुसरें संकट पटाचें. शिक्षक किती द्यावयाचे हें शासन पटसंख्येवरून ठरवितें. त्याला संचमान्यता म्हणतात. पट घटला कीं शिक्षक घटतात. शिक्षक घटले कीं एकाच मास्तराला दोनतीन वर्ग सांभाळावे लागतात. शिकवणें ढिलें पडतें. मग ज्यांना शक्य असेल तीं आणखी मुलें निघून जातात, आणि पट पुन्हां घटतो. २०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें २० पेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार मांडला, तेव्हां अशा शाळा राज्यांत १४ हजारांहून अधिक असल्याचें समोर आलें. आपल्या शेजारची शाळा एके दिवशीं अशा यादींत गेली, तर इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या मुलाचें कांहीं बिघडणार नाहीं. भट्टीवरच्या मुलीचें शिक्षणच संपेल.

अशा मुलांना जवळ करणें ही ख्रिस्तसभेची जुनी रीत आहे. संत जोसेफ कालासांझ यांनीं १५९७ सालीं रोम शहराच्या त्रास्तेव्हेरे भागांत एका चर्चच्या खोल्यांत गरिबांच्या मुलांसाठीं मोफत शाळा उघडली. १९४८ सालीं पोप बारावे पायस यांनीं त्यांना ख्रिस्ती लोकशाळांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें. फ्रान्स देशांत संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांनीं लॅटिन मागें ठेवून मुलांना आधीं मातृभाषेंत वाचावयास शिकविलें. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं प्रसिद्ध केलेल्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यांत, गरिबांची, घरच्या मायेला पारखीं झालेल्यांची आणि आपल्या श्रद्धेबाहेरच्यांची विशेष काळजी घ्यावी असें सांगितलें आहे. म्हणून कुंपणापलीकडची शाळा सरकारची आहे, आपली नव्हे, असें म्हणून आपली सुटका होत नाहीं.

तेव्हां मी तीन विनंत्या करतों. पहिली अशी. महोत्सवाच्या निधींतून जें शिल्लक राहील त्यांतून प्रवेशद्वाराची कमान बांधावी असें कांहीं बांधवांचें मत आहे. कमान शोभिवंत दिसेल यांत शंका नाहीं. पण त्याआधीं, येत्या जूनपासून, सायंकाळीं दोन तास हें सभागृह उघडें ठेवून पांचवी ते आठवीच्या मुलांसाठीं अभ्यासिका चालवावी. दिवे आहेत, पंखे आहेत, बांकें आहेत. निवृत्त शिक्षक आपल्यांत पुष्कळ आहेत. मी स्वतः आठवड्यांतून तीन दिवस येईन. कोणाचा धर्म विचारूं नये, आणि कोणत्याही आईबापाच्या मनांत किंतु येईल असें एक अक्षरही तेथें शिकवूं नये. वाचन, लेखन आणि भागाकार, एवढें पुरे. आपलींही मुलें त्यांत बसावींत. त्यांना मराठीचें पान वाचतांना अडखळावें लागतें, हाही एक निकालच आहे.

दुसरी विनंती घरोघरच्या भगिनींना आहे. कायद्याप्रमाणें प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिति असते. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे आपल्याकडे भांडीं घासणारी बाई त्या समितीवर बसूं शकते. पण सभा दुपारीं असते आणि दुपारीं ती आपल्या घरीं कामावर असते. सभेच्या दिवशीं तिला दोन तास मोकळीक द्या, आणि पगार कापूं नका. शाळेला मोठी देणगी दिल्याचें पुण्य त्यांत आहे.

तिसरी विनंती सर्वांना. यापुढें कोणत्याही शाळेचा निकाल कानीं आला, मग ती शाळा सरकारी असो वा आपल्या धर्मसंघाची असो, तर वाहवा किंवा निंदा करण्यापूर्वीं तीन गोष्टी विचारा. पांचवींत पटावर किती नांवें होतीं? त्यांपैकीं किती परीक्षेपर्यंत पोंचलीं? आणि तीं मुलें आलीं तेव्हां त्यांना काय येत होतें? या तिहींचीं उत्तरें मिळाल्यावर शाळेचे दोष अवश्य काढावे, आणि ते दूर करण्यास मदतही करावी.

बंधुभगिनींनो, हें सभागृह ज्या विटांचें आहे त्या याच बाजूच्या भट्ट्यांवर थापल्या गेल्या. दाराशीं लावलेल्या फरशीवर देणगीदारांचीं नांवें आहेत, आणि तीं असावींच. ज्यांनीं विटा थापल्या त्यांचीं नांवें कोणाला ठाऊक नाहींत. त्यांच्या लेकरांना या भिंतींच्या आंत बसावयास एक बांक आणि वाचावयास एक दिवा मिळावा, एवढीच माझी याचना आहे. जें नांव मीं चाळीस वर्षांपूर्वीं पटावरून कमी केलें तें मला आतां परत लिहितां येणार नाहीं. पण जूनमध्यें या सभागृहांत नवा पट उघडतां येईल.

ज्या प्रभूनें बालकांना जवळ घेतलें तो आपणांस तशी बुद्धि देवो.